चुलवाणाची राख, पुराचा गाळ आणि आमचं गुऱ्हाळ

शेवटचे पैसे चुकते झाले, पॅनेल भावाच्या घरी भिंतीवर चढलं आणि त्यावरून एक अख्खा पावसाळा गेला. टाइल सुटली नाही, रंगाला पोपडे आले नाहीत, मागच्या प्लायला बुरशी धरली नाही. म्हणून आता लिहिते. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या या स्टुडिओत चित्र आणि भाजलेली माती एकत्र करून घराण्याची हकिकत मांडून देतात, हे कळल्यापासून ओळखीतले बरेच जण मला विचारतात. पैसे वसूल होतात का, वेळ किती लागतो, बाई नीट बोलते का. सगळ्यांना एकदाच उत्तर देते.

आधी आमची अडचण काय होती ते सांगायला पाहिजे, नाहीतर वस्तूचं मोल कळणार नाही. मी मूळची प्रयाग चिखलीची. माहेरी ऊस आणि आजोबांपासून घरचं गुऱ्हाळ. सध्या मी मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात वह्या सांभाळते, त्यामुळं चिखली सुटली तरी गूळ सुटला नाही. गुऱ्हाळ मात्र बंद पडलं. ऊस कारखान्याला जायला लागला, हाताखाली माणसं मिळेनात, दराचा भरवसा राहिला नाही. काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, भंगारात गेली. राहिली होती ती फोटोंची पेटी, आणि ती २०१९ च्या ऑगस्टात गेली. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट; त्या साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झालं. चिखलीकरांना पूर नवा नाही, पण आमच्या घराच्या मागच्या मातीच्या भिंती पहिल्याच खेपेला बसल्या. भावानं सोनतळीला घर बांधलं. नवं घर चांगलं आहे, स्लॅबचं, उजेडाचं. फक्त त्यात आमच्या गुऱ्हाळाची एकही खूण नव्हती. गुऱ्हाळ कसं दिसायचं हे भावाच्या मुलांना दाखवायला एक फोटोसुद्धा उरला नव्हता.

स्टुडिओ चालवणाऱ्या या मुलीचं काम मी पहिल्यांदा शाहू स्मारकच्या कलादालनात बघितलं. तिच्याच घराण्यावरचं काम होतं ते. वडिलांकडचे लोक पेंटर: दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, तरुण मंडळांचे बोर्ड. आईकडचे कुंभार, बापट कॅम्पातले. आता गणपतीच्या मूर्ती करतात, पूर्वी डेरे, घागरी, रांजण करायचे. फ्लेक्स आला आणि वडिलांचा ब्रश थांबला. प्लास्टिक आणि फ्रिज आले तसे मामाकडचे डेरे थांबले. दोन्ही घरांतली कामं बंद पडली, आणि तिनं कॉलेजात चित्रकला शिकून झाल्यावर दोन्ही घरांतली हत्यारं मागून घेतली.

त्या प्रदर्शनातला एक डेरा मला अजून जसाच्या तसा आठवतो. मामांनी चाकावर उठवून थापटीनं थापटून मोठा केलेला, लाल मातीचा, आव्यात भाजलेला. एका बाजूला धुराचा काळा पट्टा उठलेला होता, तो तिनं पुसला नव्हता. आणि त्याच्या पोटावर गोल फिरत गेलेली वडिलांच्या हातची अक्षरं, ट्रॉलीच्या मागच्या फळीवर असायची तशीच: ‘आईचा आशीर्वाद’. लाल भरणी, पिवळी कड, उजवीकडं खाली निळी सावली. सपाट फळीवर लिहायची सवय असलेल्या माणसानं गोलाईवर लिहिलेलं, त्यामुळं ‘शी’ची वेलांटी ताणली गेली होती आणि ‘द’ जरा खाली घसरला होता. डेरा मामांचा, अक्षरं वडिलांची. मग यात तुझं काय, असं एका गृहस्थांनी तिला तोंडावर विचारलं. ती शांतपणे म्हणाली, “दोघांना एका अंगणात बसवलं, ते माझं.” मला ते उत्तर पटलं. जावयाचा आणि मेहुण्याचा धंदा वेगळा असला की एकमेकांच्या कामाला हात लावायची पद्धत आपल्याकडं नसते. तिनं ती लावून घेतली.

कोल्हापूरला ही परंपरा परकी नाही, हेही सांगते. बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री, कारागिराच्या घरातले. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर नाटकाचे पडदे रंगवत ते पुढं सिनेमापर्यंत गेले आणि घरातल्या हातकामाच्या जोरावर कॅमेराही तयार झाला. इथं चित्रकला नेहमीच सुतारकाम, लोहारकाम, पाट्या आणि पडदे यांच्या शेजारी वाढली. आर्ट गॅलरीत टांगलेलं ते मोठं आणि ट्रॉलीवर रंगवलेलं ते किरकोळ, असं मानणाऱ्यांनी त्या डेऱ्यासमोर थोडा वेळ उभं राहायला हवं होतं.

तर ऑर्डर. ती घरी येऊन बसते, हे मला सगळ्यात आवडलं. स्टुडिओत कॅटलॉग उघडून ‘यातलं कुठलं हवं’ हा प्रकार नाही. पहिल्या बैठकीत तिनं मापही विचारलं नाही. विचारलं ते असं: काहील किती माणसं उचलायची? चुलवाणाचं, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीचं, तोंड कुठल्या दिशेला होतं? रात्री गुऱ्हाळावर कोण झोपायचं? मला निम्म्याची उत्तरं येत नव्हती. मग आम्ही तिला थोरल्या तात्यांकडं नेलं. माझे चुलते, वय झालंय, पण त्यांनी आयुष्यभर गुळव्या म्हणून, म्हणजे पाक बघून गूळ करणारा म्हणून, काम केलंय. आमच्याही गुऱ्हाळावर आणि हंगामात दुसऱ्यांच्याही.

तात्या आधी बोलेनात. चित्र काढणाऱ्या पोरीला गुळातलं काय कळणार, असा त्यांचा चेहरा. तिनं वही उघडली आणि काहिलीचं एक चुकीचं रेखाटन काढून त्यांच्या पुढ्यात सरकवलं. झालं, तात्या सुरू. “अगं पोरी, काहील अशी उथळ न्हाई. आन्‌ मळी काढणारा ह्या अंगाला न्हाई उभा ऱ्हात, वाफ तोंडावर येतीया. त्यो कडंला, तिरका.” मग भेंडीच्या पाण्यानं मळी, म्हणजे रसातली घाण, कशी वर येते, चुना किती घालायचा, चिपाड, म्हणजे उसाचा वाळलेला चोथा, केव्हा ओढायचं आणि केव्हा सारायचं, सगळं आलं. पाक झाला हे कसं ओळखायचं, असं तिनं विचारलं. “बुडबुडं बघायचं. आदी ल्हान ल्हान, सगळीकडनं. काकवीच्या पुढं गेलं की मोठं व्हत्यात, आन्‌ मग मधोमध उसळी मारत्यात. तवा थेंब पाण्यात सोडायचा. गोळी वाजली पायजे.” गार पाण्यात घट्ट झालेली गोळी भांड्याच्या कडेवर टाकली की टणकन वाजते, ती खूण. तिनं तात्यांना वाटी आणून प्रत्यक्ष आवाज काढून दाखवायला लावलं. निघताना म्हणाली, “आजोबा, चित्र झालं की पहिल्यांदा तुमच्याकडं आणणार. तुम्ही चूक काढल्याशिवाय मी ते भिंतीला लावणार नाही.” आणि तसं तिनं केलं, ते पुढं येईल.

आता माती. पॅनेल पाच फूट रुंद आणि तीन फूट उंच. वरचा दोन-तृतीयांश भाग चित्राचा, फळीवर ताणून चिकटवलेल्या कापडावर रंगवलेला. खालचा तिसरा भाग आणि उजवीकडचा एक उभा पट्टा टाइलचा, हातानं केलेल्या, प्रत्येकीचं माप किंचित वेगळं. माती भाजली की आक्रसते, दहाला एक भाग तरी जातोच, त्यामुळं ती कच्च्या टाइल मोठ्या कापते. टाइलची माती बाहेरून येणारी स्टोनवेअरची, म्हणजे मोठ्या आचेला भाजायची, कारण आपली लाल माती मडक्याच्या भट्टीला ठीक, पण १२०० अंशांच्या पुढं ती टिकत नाही, बसते. मला वाटलं होतं, बाहेरची माती म्हणजे मग यात आमचं काय राहिलं? तिनं भावाकडं दोन गोष्टी मागितल्या: कुठल्याही चालू गुऱ्हाळाच्या चुलवाणातली एक पोतं राख आणि पडक्या घरातला पुराचा गाळ.

राख भावानं शेजारच्या गावातनं आणली. आमच्या गुऱ्हाळाची आता कुठून मिळणार? ती धुऊन, चाळून ग्लेझमध्ये, म्हणजे वरच्या काचेरी झिलईत घालायची असते. लाकडाच्या राखेत चुना जास्त असतो, ती आगीत सहज वितळते. चिपाडाच्या राखेत वाळूचा अंश जास्त, ती एकटी वितळत नाही, खरखरीत राहते. तिला वितळवायला फेल्डस्पार नावाच्या दगडाची पूड आणि चुना बेतानं मिसळावा लागतो. हे सगळं तिनं मला छोट्या चकत्यांवर दाखवलं. प्रत्येक चकतीच्या पाठीवर प्रमाण कोरलेलं, आणि तेच प्रमाण एका लांब वहीत उतरवलेलं. जमाखर्चाची सवय असलेल्या मला ती वही बघून फार बरं वाटलं. हिशेब असा ठेवणारी व्यक्ती कामात फसवत नाही.

गाळाची गोष्ट तर मी कितीतरी जणांना सांगितली आहे. जुन्या घराच्या एका कोनाड्यात पुराचं पाणी ओसरल्यावर साचलेला गाळ तसाच वाळून बसला होता, ढपले निघतील असा. भावानं तो खरवडून आणला. तिनं भिजवला, बारीक चाळणीतनं गाळला आणि नुसता, काहीही न मिसळता, टाइलवर फासला. आमचा सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. त्या मातीत लोह आणि चुना पुरेसा असतो. त्यामुळं एवढ्या आचेला तो गाळ स्वतःच वितळतो आणि त्याची गडद तपकिरी, जवळजवळ काळी झिलई होते. पॅनेलची सर्वांत खालची ओळ नुसत्या या गाळाची आहे. त्यावर नक्षी नाही, अक्षर नाही. हात फिरवला तर गुळगुळीत लागते, आणि उजेड तिरका पडला की काळ्यात लालसर झाक दिसते. चित्रातल्या घराच्या भिंतीवर बरोबर ज्या उंचीला पाणी आलं होतं, त्या उंचीला उजवीकडच्या पट्ट्यात हाच गाळ एक बोटभर रुंदीच्या रेघेनं पुन्हा येतो. पूर दाखवायला तिनं निळं पाणी रंगवलं नाही. ज्या गाळानं आमच्या भिंती खाल्ल्या, तोच तिनं भाजून भिंतीवर लावला. वहिनीनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती त्या रेघेपाशी हात नेऊन म्हणाली, “हितपर्यंत आलं हुतं.” कुणी सांगावं लागलं नाही.

मधल्या ओळीवरून आमचा जरा वाद झाला. ती ओळ गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची. पहिल्यांदा तिनं ज्या टाइल आणल्या त्यांचा रंग पिवळाधमक, बाजारात सध्या चालतो तसा. गुजरातला जाणारा माल उजळ लागतो, म्हणून तो रंग हवा असतो, आणि त्यासाठी काही जण हायड्रोस, म्हणजे रंग उजळवणारी रासायनिक पूड, घालतात हे यार्डात सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या काहिलीतला गूळ असा कधीच नव्हता. मी डब्यातनं बिनमसाल्याच्या गुळाचा खडा नेऊन तिच्या टेबलावर ठेवला. बाहेरून तांबूस, फोडला की आत केशरी, आणि कडेला जिथं पाक जास्त लागला तिथं तपकिरी. हा रंग दे म्हटलं. तिनं खडा खिडकीपाशी नेला, मग ट्यूबलाइटखाली नेला, एक तुकडा तोंडात टाकला आणि लोखंडाच्या भस्माचं प्रमाण बदलून पुन्हा चकत्या भाजायला घेतल्या. भट्टी रोज लागत नाही, भरली की लागते. त्यामुळं या एका रंगापायी बराच काळ गेला. पण जो रंग आला तो बघायला या, एवढंच सांगते. यार्डात रोज शेकडो रवे डोळ्यांखालून जातात माझ्या, आणि त्या टाइलकडं बघून मी भाव सांगू शकेन.

त्यातली एक टाइल जवळून बघण्यासारखी आहे. गरम गूळ साच्यात ओतायच्या आधी आत ओलं फडकं घालतात, म्हणजे रवा सुटून येतो आणि त्याच्या अंगावर कापडाची वीण उठते. तात्यांच्या माळ्यावर तसलं एक जुनं फडकं निघालं, कडक झालेलं. तिनं ते धुऊन ओल्या मातीवर दाबलं. भाजल्यावर वीण तशीच राहिली, उभे-आडवे धागे मोजता येतील इतकी स्वच्छ. ग्लेझ धाग्यांच्या मधल्या खळग्यात जाऊन साचलं, तिथं गडद झालं. धाग्याच्या उंचवट्यावरनं ओसरलं, तिथं फिकं. एका कोपऱ्यात फडक्याला घडी पडली होती, तिची तिरकी रेघही आली. त्याच फडक्याला कुणीतरी, बहुधा माझ्या आईनंच, मारलेले ठिगळाचे चार टाके त्यात दिसतात. पोरीनं ते मुद्दाम मधोमध घेतलं नाही, टाइलच्या काठाला ठेवलं. ज्याला बघायचं तो बघेल.

चित्राच्या भागाबद्दल मात्र माझं मत इतकं एकतर्फी नाही. काहिलीभोवतीची माणसं उत्तम उतरली आहेत. पहिल्या आवृत्तीत गुळव्या सरळ उभा होता आणि हात काहिलीवर, एखाद्या पुतळ्यासारखा. कबूल केल्याप्रमाणं तिनं पॅनेल गाडीत घालून तात्यांकडं नेलं. तात्यांनी काठी टेकत उठून स्वतः उभं राहून दाखवलं: डावा पाय मागं, अंग तिरकं, मान वाफेपासून वळवलेली, आणि डोळे तरी काहिलीतच. तिनं सगळी आकृती खरवडून पुन्हा रंगवली. आता तो माणूस तात्याच आहे, चेहरा धूसर असला तरी. आईला तिनं पाठमोरं घेतलंय, डोक्यावर भाकरीची बुट्टी घेऊन बांधावरून येताना. फोटो नसल्यानं चेहरा कल्पनेनं काढणार नाही, असं तिनं आधीच स्पष्ट सांगितलं होतं. मला वाईट वाटलं, पण तिचं बरोबर होतं. दुसऱ्या कुठल्या बाईचा चेहरा आम्ही आई म्हणून रोज कसा बघितला असता?

आभाळ मला पटलेलं नाही. मागं उसाचं रान आहे, त्यावर तुरे आलेले आणि वर गुलाबी-जांभळी संध्याकाळ. गुऱ्हाळावर संध्याकाळ तशी नसते. चुलवाणाच्या धुराड्यातून निघालेला धूर रानावर आडवा पसरतो, आभाळ मळकट होतं, आणि त्या धुराचा वास कपड्यांत आठवडाभर राहतो. तुरेही सगळे एका उंचीचे, एका झोकात. जिथं तिनं विचारून रंगवलं तिथं ते खरं झालं, आणि जिथं विचारायचं राहिलं तिथं कॅलेंडर झालं. हे मी तिला सांगितलं, तिनं ऐकून घेतलं, आणि “आभाळ माझ्याकडून सोपं गेलं” एवढं म्हणाली. बदलून देते म्हणाली, पण वार्निश होऊन गेलं होतं आणि भावाची वास्तुशांत तोंडावर आली होती. राहू दिलं.

तक्रारी आहेत, त्या सांगायलाच हव्यात. सांगितलेल्या मुदतीच्या बऱ्याच पुढं काम गेलं. काही कारणं खरी होती: पावसात माती वाळत नाही, घाई करून भट्टीत घातली तर आतल्या ओलीनं फुटते. एकदा भट्टी चढत असताना वीज गेली आणि आतला माल अर्धवट राहिला. पण उशीर होणार आहे हे आपण फोन केल्यावर कळतं, ती स्वतःहून कळवत नाही. दुसरं, बसवण्याचा खर्च. पॅनेल जड आहे, दोन माणसांना उचलत नाही. मागं लोखंडी चौकट, भिंतीत अँकर बोल्ट, फिटरची मजुरी, टेंपो. हे सगळं ठरलेल्या ४८ हजारांच्या बाहेरचं निघालं आणि ते शेवटच्या आठवड्यात कळलं. रक्कम फार नव्हती, पण आधी लिहून द्यायला काय हरकत होती? ज्या वहीत भस्माचे ग्रॅम लिहून ठेवते तिच्यात एक पान खर्चालाही देता येतं. तिसरं, उभ्या पट्ट्यातल्या एका टाइलचा कोपरा उचललेला आहे, नखाला लागतो. घरात लहान मुलं आहेत म्हणून कळवलं, तर येऊन पॉलिश पेपर मारून गेली आणि पैसे घेतले नाहीत.

स्टुडिओत तयार मालही विकायला असतो, त्याबद्दल थोडक्यात. परळ आणि वाडगे घ्यावेत, चिपाडाच्या राखेचं ग्लेझ असलेले. त्याचा रंग ताकासारखा, हिरवट झाक असलेला, आणि दह्याला फार चांगले. ग्लेझमध्ये शिसं नाही, हे मी स्पष्ट विचारून घेतलं. जेवणात वापरायची भांडी घेताना सगळ्यांनीच ते विचारावं. कानाचे कप घेऊ नका. कान जाड आहे, बोट अडकतं आणि चहा भरला की कप पुढं कलतो. रंकाळा आणि अंबाबाईचं देऊळ रंगवलेल्या शोभेच्या ताटल्या पर्यटकांसाठी आहेत, आणि त्यात तिचा जीव नाही हे दिसतं. त्यापेक्षा बेंदराच्या सणाचे मातीचे बैल बघा. मामांच्या साच्यातले, पण अंगावर वडिलांच्या पाटीतली नक्षी. जोडीनं विकते, एकटा बैल देत नाही. बांधून देते ते उसाच्या पाल्यात आणि जुन्या वर्तमानपत्रात. घरापर्यंत काही फुटलं नाही.

रविवारी मुलांसाठी मातीकामाचा वर्ग असतो. भाचीला पाठवलं होतं. मुलं जास्त आणि चाक एकच, त्यामुळं चाकावर हात लागायला फार वाट बघावी लागते. भाची मात्र हातानं केलेली चूल घेऊन आली आणि पुन्हा जायचं म्हणते, त्यावर मी काय बोलणार. गल्ली अरुंद आहे, चारचाकी आत नेऊ नका.

पैशाचं बोलायचं तर ४८ हजार आणि वरचे बसवायचे, ही रक्कम आमच्यासारख्या घराला लहान नाही. तिघा भावंडांनी वाटून दिली. छापील फोटोची मोठी फ्रेम याच्या दहाव्या हिश्शात होते. पण ज्यांच्याकडं फोटोच उरलेला नाही, त्यांना छापायला काय आहे? तिनं आमच्याकडून माहिती काढली, राख काढली, माळ्यावरचं फडकं काढलं, तात्यांकडून अख्खं एक काम बोलून घेतलं. त्या दुपारी मी मोबाइलवर तात्यांचं सगळं बोलणं टेप केलं, तेही तिच्या सांगण्यावरून. ते तर पैशात धरलेलंच नाही. मोठी कामं झेपत नसतील त्यांच्यासाठी ती एक-दोन टाइलचंही काम घेते: घरातल्या एखाद्या वस्तूचा ठसा, जात्याचा, पाटीचा, गळ्यातल्या कोल्हापुरी साजाच्या एखाद्या पानाचा. साज नेणार असाल तर आपल्यासमोर ठसा घ्यायला सांगा आणि सोबत घेऊन या. ती तसंच करते, पण आपणही बसावं.

जायचं असेल तर आषाढ लागायच्या आत जा. त्यानंतर गणपती उठेपर्यंत ती नवी ऑर्डर घेत नाही, कारण सगळं घर मामाकडं मूर्ती रंगवायला बापट कॅम्पात असतं. डोळे आखायचं काम तिच्याकडं आहे. मातीकाम दिवाळीनंतर चांगलं होतं, हवा कोरडी असते. जाताना कागदपत्रांची फाइल नेऊ नका, ती बघत नाही. घरात जुनं हत्यार, भांडं, कापड, मोडकं असलं तरी चालेल, ते न्या. वडीलधाऱ्या माणसाला जिना चढवत नसेल तर तिला घरी बोलवा. शहरात यायचे ती वेगळे पैसे घेत नाही, बाहेरगावी फक्त पेट्रोल मागते.

मी पुढचं काम सांगून आले आहे. तात्यांसाठी एकच टाइल, बारा इंचांची, आणि त्यावर फक्त काहिलीतले बुडबुडे, गोळी वाजायच्या बेताला असतात तसे, मधोमध उसळी मारणारे. ग्लेझ भट्टीत उकळतं तेव्हा बुडबुडे फुटून खड्डे पडतात, तो खरं तर दोष समजतात. तो मुद्दाम धरता येतो का, हे ती सध्या चकत्यांवर बघते आहे. किंमत, मुदत आणि बसवायचा खर्च या वेळी कागदावर घेतला आहे.